साबण न लागलेली हंडी

‘हिला साबण लावायचा नाही. हिच्यात डुकराच्या चरबीवाचून भाजी शिजवायची नाही. आणि असं का, ते विचारायचं नाही.’

शंभर वर्षं या घरातली एक बाई दुसरीला हा नियम सांगत आली. ज्या भांड्याबद्दल तो होता, त्या भांड्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. ते भांडं म्हणजे मी. बिडाची हंडी. पोट मोठं, बूड सपाट, दोन जाड कान आणि डोक्यावर इतकं जड झाकण की बोटावर पडलं तर नख जातं. दोघांची गेलीही आहेत. अलाबामातल्या चिनाबेरी रस्त्याच्या टोकाला, व्हर्नेल टोलिव्हर नावाच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या मागच्या बाजूला माझा मुक्काम असतो.

मी म्हातारी आहे, पण म्हाताऱ्यांच्या बाजूची नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. जुनं भांडं बोलायला लागलं की लोकांना वाटतं, आता हे जुन्या दिवसांच्या गोड गोष्टी काढणार. माझ्याजवळ गोड फारसं काही नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात पातळ लोखंड ओतत होते. ओतणाऱ्याच्या हाताला हिसका बसला आणि एक थेंब त्याच्या पायावर उडाला. तो ओरडला. मुकादम म्हणाला, “आधी साचा भर. पाय कुठे पळून जात नाही.” त्याने साचा भरला. मी थंड होईपर्यंत तो माणूस माझ्याशेजारीच बसून कण्हत होता. जगात आल्यावर कानांवर पडलेला पहिला आवाज तो.

मला पहिल्यांदा घरी आणलं डोव्हीने. ती व्हर्नेलची आजी. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. त्यांचं डुक्कर कापलं की चांगलं मांस त्यांच्या टेबलावर जायचं आणि खूर, कान, शेपूट, पोटाची चरबी डोव्हीच्या टोपलीत पडायची. तिच्या घरची सहा माणसं उजाडल्यापासून अंधारेपर्यंत कापूस वेचायची. नुसत्या पाल्यावर त्यांचे पाय लटपटले असते. चरबी होती म्हणून ती उभी राहिली. साबणाचंही तसंच. तेव्हाचा साबण ती स्वतः राखेच्या पाण्यात घरी कढवायची. तो इतका जळजळीत असायचा की माझ्या अंगावर चढलेला तेलाचा काळा थर खरवडून निघाला असता आणि मी गंजले असते. नियमाला कारण होतं. पण डोव्हीने मुलीला कारण सांगितलं नाही. कामाची घाई होती, चापट मारणं सोपं होतं. मुलीने व्हर्नेलला तशीच चापट दिली. कापूस वेचणं संपलं, घरात शीतकपाट आलं, बाजारात सौम्य साबण आला. चापट राहिली.

व्हर्नेल सहा वर्षांची असताना एकदा माझ्या पोटात डोकं घालून तळ चाटत होती, इतकी भूक तिला लागलेली. तिच्या आईने केसांना धरून तिला बाहेर ओढलं. हे मी विसरलेले नाही. पण त्यासाठी व्हर्नेलला सगळं माफ करायला मी बांधलेली नाही.

व्हर्नेलचा नवरा बावन्नाव्या वर्षी अंगणात गवत कापताना छाती धरून पडला. मुलगा सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवताना गेला. दोन्ही वेळा व्हर्नेल म्हणाली, “देवाने बोलावलं.” दोन्ही वेळा माती देऊन आलेल्या लोकांसाठी माझ्यातच कोलार्डचा, म्हणजे कोबीच्या जातीचा जाड पाला शिजला, त्याच चरबीत, डुकराच्या पायाच्या त्याच धुरी दिलेल्या घोट्यासकट. लोक बोटं चाटत म्हणाले, “व्हर्नेल, तुझ्या हाताला तोड नाही.”

माझ्याशेजारी कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. कॉफी त्यात चाळीस वर्षांपूर्वी होती. आता त्यात तळणातून उरलेली डुकराची खारी चरबी साठवतात. थंडीत ती पांढरी गोठते, उन्हाळ्यात पिवळी पातळ होते. त्यात एक चमचा कायमचा उभा असतो.

व्हर्नेलच्या दोन मुली. थोरली रुथेल, दोन घरं सोडून राहते, तोंडाने तिखट. धाकटी अर्लीन, आईजवळच राहणारी. अर्लीन शाळेची बस चालवायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. या फेब्रुवारीत एका सकाळी तिला बसच्या तीन पायऱ्या चढवेनात. पाय सुजून बुटात मावेनात. इस्पितळातून आठ दिवसांनी परत आली ती एक कागद घेऊनच. हृदय थकलं आहे, अंगात पाणी साठतं आहे. मीठ जवळजवळ बंद, चरबी बंद. रोज सकाळी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं.

त्याच आठवड्यात अर्लीनची मुलगी झेनोबिया शहरातली खोली आणि नोकरी सोडून घरी आली. झेनी म्हणतात तिला. कॉलेज करून दोन वर्षं झालेली, आता इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली. आल्या आल्या तिने वजनकाटा न्हाणीघरात ठेवला, शीतकपाटाच्या दारावर दिनदर्शिका चिकटवली आणि टेबलावर एक पिशवी रिकामी केली. त्यात टर्की होती. टर्कीच्या माना, टर्कीचा खिमा आणि दोन तंगड्या.

व्हर्नेलने चष्मा वर केला. “टर्की खायचा आभाराचा सण नोव्हेंबरात असतो गं.”

“सणाची नाही आजी. रोजची. आजपासून या घरात डुक्कर नाही.”

“आणि माझ्या हंडीत काय शिजणार?”

“हेच.”

“हंडीचा नियम ठाऊक आहे ना तुला?”

“आहे. कारण ठाऊक नाही. तुला आहे?”

रुथेल खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “आई, उगाच बोलू नकोस. कॉलेजात गेलेली आहे ती. तिथे पाणी उकळायचं प्रमाणपत्र देतात.”

अर्लीन हसली आणि हसता हसता धापा टाकू लागली. व्हर्नेलने लेकीकडे पाहिलं आणि हात झटकला. “कर तुझ्या मनासारखं. पण साबण नाही लावायचा.”

झेनीने तेवढं ऐकलं.

पहिली चूक झेनीचीच. बाजारातून तिने धुरी दिलेल्या टर्कीच्या माना आणल्या होत्या. डुक्कर नाही म्हणजे झालं, असं तिला वाटलं. त्या माना मिठात मुरवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अर्लीनचं वजन अडीच पौंडांनी वाढलं. झेनीने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलाशी खाली मान घालून बसली. मग उठून आईला म्हणाली, “मम्मा, माझी चूक. मी वाचलं नाही.” मी या घरात शंभर वर्षं आहे. ‘माझी चूक’ हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

पुढे ती साध्या माना आणू लागली. आधी भट्टीत खरपूस भाजायच्या, मग माझ्यात कांदा, लसूण आणि सुकी लाल मिरची अगदी थेंबभर तेलावर परतायची, त्यावर माना, त्यावर पाणी. तासाभराने चिरलेला कोलार्डचा पाला आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. मंद आचेवर दोन तास. मीठ नाही. सोमवारी टर्कीचा खिमा आणि कोबी. बुधवारी तंगडीचं मांस सोडवून पांढऱ्या घेवड्यात. शुक्रवारी ढोबळ्या मिरचीत खिमा आणि भात भरून. खरं सांगायचं तर मलाच सुरुवातीला अवघड गेलं. चरबीशिवाय माझ्या तळाला मान चिकटायची. झेनी लाकडी उलथन्याने सोडवायची आणि पुटपुटायची, “तूही त्यांच्यातलीच का गं?” मग मी शिकले. शंभर वर्षांच्या लोखंडाला जमतं ते माणसांना का जमू नये, मला कळत नाही.

म्हाताऱ्यांची तोंडं चालूच होती.

“हे काय, पाला धुतलेलं पाणी?” व्हर्नेल चमचा वर धरून थेंब पडताना बघायची.

“टर्कीला काही चव नसते, म्हणून गोऱ्यांनी तिच्यासाठी वर्षातला एकच दिवस ठेवला,” रुथेल म्हणायची. “ही पोरगी आम्हाला तीनशे पासष्ट दिवस शिक्षा देणार.”

“मावशी, तुला कुणी जेव म्हटलंय? तुझं घर दोन दारं सोडून आहे.”

“बघ आई. मोठ्यांशी कशी बोलते ती.”

अर्लीन मात्र खायची. पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं करून, दुसऱ्यात गुपचूप, तिसऱ्यात मक्याची भाकरी भाजीच्या पाण्यात बुडवून. दिनदर्शिकेवरचा आकडा उतरत गेला. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर. एप्रिलात तिचे पाय पुन्हा बुटात गेले. त्या रविवारी ती बूट घालून स्वयंपाकघरात नुसतीच दोन फेऱ्या मारून गेली, टाचा वाजवत. झेनी शेगडीशी पाठमोरी उभी होती. तिने डोळे पुसले, पण कांदा चिरत होती, त्यामुळे कुणाला काही म्हणता आलं नाही.

बस. एवढंच गोड.

रविवारी सकाळी झेनी मला मंद आचेवर ठेवून आईला घेऊन चर्चला जायची. अर्लीनला गाण्याच्या सरावाला लवकर पोचायचं असे. व्हर्नेलचे गुडघे दुखतात, ती घरी रेडिओवर प्रवचन ऐकते. मेच्या पहिल्या रविवारी त्या दोघी गेल्या आणि पाच मिनिटांत मागच्या दाराने रुथेल आली. चर्चचे कपडे, डोक्यावर हॅट, हातात मोठी काळी पर्स. पर्सची कडी तिने उघडली, टक् आवाज झाला. आतून मेणकागदाची पुडी काढली. पुडीत खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा, तळहाताएवढा.

“टाक,” व्हर्नेल म्हणाली.

“आई, पोरीला कळलं तर?”

“पोरगी काय मला सांगणार? मी सहा मुलं जन्माला घातली, दोन उरली. अर्लीन मागच्या रविवारी माझ्यासमोर बसून ते पाणी पीत होती. मला माझी आई आठवली, दुष्काळातली. माझी लेक माझ्या घरात उपाशी नाही मरणार.”

“उपाशी कुठे आहे ती? बूट घालून नाचत होती.”

“वाळली आहे. गळ्याची हाडं दिसतात. टाक म्हणते ना.”

तुकडा माझ्यात पडला. वर व्हर्नेलने कॉफीच्या डब्यातला चमचा उचलला आणि दोनदा झटकला. रेडिओवर पाद्री दयेबद्दल बोलत होता. दीड तासाने रुथेलने तुकडा चिमट्याने वर काढला, त्याच कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. टक्. घरी जाऊन ती तो कुत्र्याला घालायची. महिन्याभरात तिचा कुत्रा इतका फुगला की त्याला ओट्याच्या पायऱ्या चढवेनात. कुत्र्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्या दुपारी अर्लीनने भाजी दोनदा वाढून घेतली. “झेनी, आज हात जमला गं तुझा.”

झेनीचा चेहरा फुलला. “भाजण्याची वेळ वाढवली मी. बघ, टर्कीलाही चव येते.”

“येते की,” व्हर्नेल म्हणाली आणि लेकीच्या ताटात अजून एक डाव ओतला.

हे रविवारपुरतं राहिलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण झेनी रोज सकाळी काहीतरी रटरटत ठेवून शाळेत जायची. सोमवारी डब्यातला चमचा कोबीत उतरला, बुधवारी घेवड्यात. कौतुक ऐकायची चटक लागली होती व्हर्नेलला, जरी ते दुसरीच्या नावाने होत असलं तरी.

आकडे चढू लागले. एकशे ऐंशी. एकशे त्र्याऐंशी. झेनीने पाकिटं पुन्हा वाचली. मसाल्याची डबी बदलली. नळाचं पाणीसुद्धा तपासून आणलं. डॉक्टरने औषध वाढवलं आणि विचारलं, “बाई घराबाहेर काही खातात का?” झेनीने त्या प्रश्नाला धरून ठेवलं.

इथे मला झेनीबद्दलही लपवायचं नाही. ती आईवर पाळत ठेवू लागली. शाळेतून आल्यावर आईच्या बोटांचा वास घ्यायची. उशीखाली हात घालायची. अर्लीन म्हणायची, “बाळा, मी काही खाल्लेलं नाही.” झेनी म्हणायची, “वजन खोटं बोलत नाही मम्मा. माणसं बोलतात.”

जूनमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर अर्लीनला दारातून खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबावं लागलं. झेनीने तिच्या हातातली पर्स घेतली आणि सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. रुमाल, किल्ल्या, ओठांना लावायचं मलम, गाण्याचा कागद, पुदिन्याच्या दोन गोळ्या.

“कुठे लपवतेस?” झेनी म्हणाली. “चर्चच्या मागे बायका विकतात ते तळलेलं खातेस ना?”

“देवाशपथ नाही गं.”

“मग हे पाणी कुठून येतं? माझ्या टर्कीतून?”

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला रुथेल बसली होती. तिची काळी पर्स तिच्या मांडीवर होती. पर्समध्ये तो तुकडा होता, अजून गरम. मला दिसत होतं, तिने पर्स जरा उचलून गुडघ्यावर सरकवली, चटका बसत असणार. आणि ती म्हणाली, “कबूल कर ना अर्लीन. पोरगी एवढी राबते तुझ्यासाठी.”

व्हर्नेल शेंगा सोलत होती. ती सोलतच राहिली.

अर्लीनने शेल्फावरचं बायबल घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. सुजलेला हात, अंगठी बोटात रुतलेली. “मी खाल्लेलं नाही.”

“यावरही खोटं बोलतेस,” झेनी म्हणाली. “तुला मरायचंच असेल तर तसं सांग. मी उगाच माझी नोकरी सोडून इथे आले.”

ती बाहेर अंगणात निघून गेली. रुथेलही उठली, कुत्रा वाट बघत असेल म्हणाली. अर्लीनने टेबलावरच्या वस्तू एकेक पर्समध्ये भरल्या. मग, जेवण वाढलेलंच होतं म्हणून असेल, तिने मक्याच्या भाकरीचा तुकडा भाजीच्या पाण्यात बुडवून तोंडात घातला. चावता चावता थांबली. जिभेवर घोळवलं. या वेळी तिचं लक्ष चवीवर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कॉफीच्या डब्याकडे. एप्रिलात डबा पाऊण भरलेला होता. आता चमच्याची दांडी खालपर्यंत दिसत होती. मग तिने आपल्या आईकडे पाहिलं.

व्हर्नेल म्हणाली, “खा. गार होतंय.”

मी अर्लीनकडे बघत होते. बोल, म्हणत होते. मुलीला हाक मार, आत बोलाव, डबा दाखव. चौपन्न वर्षांची बाई होती ती. चाळीस पोरांची बस वळणावरून उलटी घेणारी बाई. आणि आईला ‘का’ विचारायला तिचं तोंड उघडलं नाही. या घरात विचारायचं नसतं. तिने दुसरा तुकडा बुडवला. ताट संपवलं.

“छान झालंय आई,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी दिनदर्शिकेवर एकशे ब्याण्णव लिहून ती खुर्चीत बसली ती तिथेच गेली. पेन हातात होतं. झेनी शाळेच्या उन्हाळी वर्गात फळ्यावर लिहीत असताना तिला बोलावून आणलं. झेनीने आधी दिनदर्शिका वाचली आणि मग आईकडे पाहिलं. दोन दिवसांत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

“देवाने बोलावलं,” व्हर्नेल म्हणाली.

आता शनिवारचं सांगते आणि थांबते.

या घरात रीत अशी की बाईमाणूस गेलं तर माती देऊन आल्यावर घरातल्या मुलीने माझ्यात चरबीचा पहिला चमचा घालायचा आणि लोकांसाठी पाला शिजवायचा. त्या चमच्याबरोबर हंडी तिची होते. व्हर्नेलनंतर मी अर्लीनकडे जाणार होते. रुथेलचं घर वेगळं, या घरात आता झेनीशिवाय कुणी उरलं नव्हतं. दफनभूमीवरून परतल्यावर बाहेर अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. आत स्वयंपाकघरात व्हर्नेल, रुथेल आणि पांढऱ्या कपड्यांतल्या चर्चच्या दोन वयस्क बायका. झेनीने शीतकपाटातून टर्कीच्या माना काढल्या.

“आज ते ठेव बाजूला,” व्हर्नेल म्हणाली. “आज लोक जेवणार आहेत.”

“मम्माला आवडायचं. ती शेवटपर्यंत हेच मागत होती.”

रुथेल फसकन हसली. रडून तिचे डोळे लाल होते, तरी हसली. “पोरी, तुझ्या आईने तुझी टर्की नुसती कधी खाल्लीये? पहिले दोन महिने खाल्ली असेल, बिचारी. पुढे आई होती म्हणून तिच्या पोटात चवीचं काही गेलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे.” टक्. मेणकागदाची पुडी टेबलावर आली. आजच्यासाठी आणलेली, ताजी. “दर रविवारी. आणि एरवी डब्यातलं. तू कौतुक करून घेत होतीस, आम्ही काही बोललो नाही. तुझा मान राखला.”

चर्चच्या बायकांपैकी एकीने “अगंबाई” म्हटलं, पण ओठांवर हसूच होतं. चांगलं जेवण चोरून वाढणं हे इथे कुणाला पाप वाटत नाही.

झेनीने रुथेलच्या पर्सकडे बोट केलं. “मी मम्माची पर्स उलटी केली तेव्हा ही पर्स कुठे होती?”

“माझ्याजवळ. कुठे असणार?”

“आणि तू म्हणालीस, कबूल कर.”

रुथेलने हॅट सरळ केली. “तू चिडलेली होतीस. त्या वेळी काय सांगायचं?”

“आजी, तू तिथेच होतीस. तिने बायबलवर हात ठेवला होता.”

“मी तिची आई आहे,” व्हर्नेल म्हणाली. “तिला काय हवं ते मला कळत होतं. तुझ्या त्या कागदाला नाही. आनंदाने खाऊन गेली माझी लेक. तू तिला आजारी बाई करून ठेवलं होतंस.”

“मी तिला खोटारडी म्हटलं.”

“ते तुझ्या तोंडाचं पाप. मी नाही सांगितलं तुला म्हणायला.” व्हर्नेलने कॉफीचा डबा पुढे सरकवला. “झालं ते झालं. देवाने बोलावलं तिला. चमचा उचल. हंडी आता तुझी आहे. नियम तुला ठाऊक आहे.”

झेनीने मला दोन्ही कानांना धरून उचललं. मी जड आहे, ती बारीक आहे. शेगडीवर नेण्याऐवजी तिने मला मोरीत ठेवलं. गरम पाण्याचा नळ सोडला. खिडकीतली हिरव्या साबणाची बाटली उचलली आणि माझ्या पोटात उलटी धरली.

“अगं ए,” रुथेल उठली. “आई, बघ ती काय करतेय. डोव्हीआजीपासूनची हंडी आहे ती.”

“का लावायचा नाही साबण?” झेनीने तारेची घासणी घेतली. मागे वळून पाहिलं नाही. “एकीने तरी सांगा. का?”

“तसं विचारायचं नसतं,” चर्चची बाई म्हणाली.

“मी विचारतेय.”

तिने घासायला सुरुवात केली. मला दुखलं. शंभर वर्षं मी ज्याची भीती बाळगली ते दुखणं हे. वरचा थर आधी चिकट झाला, मग सुटला. पाणी तपकिरी झालं, मग काळं. व्हर्नेलच्या नवऱ्याचा थर असेल त्यात, मुलाचाही. मेचा होता, जूनचा होता. खाली राखाडी लोखंड दिसू लागलं, ओतशाळेतून आले होते तसं. घास, मी म्हणत होते. अजून. कानांखाली राहिलं आहे. बायांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल तर त्यालाही कधीतरी विचारा, त्याला काय हवं आहे. नियम भांड्यांनी केलेले नसतात.

झेनीने मला कोरडं पुसलं. बोटावर थोडं साधं तेल घेऊन आतून हात फिरवला आणि शेगडीवर ठेवलं. मग कॉफीचा डबा उचलून चमच्यासकट कचऱ्याच्या पिंपात टाकला. टर्कीच्या माना एकेक करून माझ्या तळाशी लावल्या. चर्रर्र झालं. चिकटल्या त्या, नव्याने शिकावं लागणार होतं मला.

“माती देऊन आलेले लोक आज हे खातील,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “मीठ नाही, चरबी नाही. ज्याला नको असेल त्याने आपल्या घरी जेवावं. तुमचा चमचा मी उचलणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. आणि बाहेर कुणी म्हणालं ना, की माझ्या आईला देवाने बोलावलं, तर मी उठून सांगणार आहे, तिला कुणी बोलावलं.”

व्हर्नेलने शेंगांच्या टोपलीकडे हात नेला, टोपली रिकामी होती. चर्चच्या बायका आपल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बघत राहिल्या. मेणकागदाची पुडी टेबलावर तशीच पडली होती, तिला कुणी हात लावेना.

रुथेलने पर्सची कडी लावली. तेवढाच आवाज झाला.